अर्धशिशी, एक पांढऱ्या फुलाचं झुडूप आणि प्रयोगशाळेतले उंदीर

अर्धशिशीने हैराण झालेलं माणूस कुणी काहीही सांगितलं तरी करून पाहतं. डोक्याला फडकं आवळून बांधायचं, सुंठ उगाळून लेप लावायचा, बाम चोळायचा, मेडिकलमधून सुटी गोळी आणायची. काहीच चाललं नाही तर नजरही उतरवायची. आता त्यात मोबाइलवरच्या व्हिडिओंची भर पडली आहे. "या वनस्पतीने मायग्रेन मुळापासून जातो, शास्त्रज्ञांनी उंदरांवर सिद्ध केलंय," असं सांगून चूर्णाच्या डब्या खपवल्या जातात. वस्तीतल्या आरोग्य बैठकीत बायका मला विचारतात, "ताई, सिद्ध झालंय म्हणतात, मग घ्यायला काय हरकत आहे?"

"घेऊ नका" एवढं सांगून मी मोकळी होऊ शकते. पण कारण न कळता ऐकलेला सल्ला पुढच्या दुखण्यापर्यंतच टिकतो. म्हणून या वेळी उंदरांवर प्रयोग म्हणजे नेमकं काय करतात, तेच पाहू. त्यासाठी एक खरं उदाहरण घेऊ.

आधी आजाराबद्दल थोडं. अर्धशिशी म्हणजे नुसती डोकेदुखी नाही. बहुतेक वेळा अर्धं डोकं ठणकतं, मळमळतं, उलटी होते, उजेड आणि आवाज सहन होत नाही, हालचाल केली की दुखणं वाढतं. औषध नाही घेतलं तर एक झटका चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत चालतो. काहींना दुखणं सुरू होण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात किंवा नजरेचा एक भाग पुसल्यासारखा होतो. वयात आल्यानंतर हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये साधारण तिप्पट आढळतो, कारण पाळीच्या चक्रातल्या संप्रेरकांच्या चढउताराशी त्याचा संबंध आहे. उपाशी राहणं, अपुरी झोप, कडक ऊन, उग्र वास यांनी झटका येतो. पहाटे चारला नळाच्या पाण्यासाठी उठणारी, सगळ्यांचे डबे करून स्वतः न खाता कामावर जाणारी आणि दुपारी पत्र्याखाली तापणारी बाई आठवा. तिच्या दिवसात यातलं काय नाही? तरी घरात तिला "नाटक करते" असंच ऐकावं लागतं.

आता त्या झुडपाकडे येऊ. त्याचं नाव फीवरफ्यू. ते युरोपातल्या परसबागांमध्ये उगवतं. आपल्या शेवंतीच्या कुळातलं आहे. फुलं छोटी, मध्ये पिवळी आणि भोवती पांढऱ्या पाकळ्या. नावाचा मूळ लॅटिन अर्थ ताप पळवून लावणारं. शास्त्रीय नाव टॅनासेटम पार्थेनियम. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

१९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये या झाडाची पानं रोज चावून खाल्ल्याने अर्धशिशी कमी झाल्याच्या बातम्या आल्या आणि हजारो लोक पानं खाऊ लागले. तेव्हा लंडनच्या डॉक्टरांनी एक साधी पण हुशार चाचणी केली. ती १९८५ साली प्रसिद्ध झाली. रोज पानं खाणारे सतरा रुग्ण घेतले. आठ जणांना पानांची पूड भरलेल्या कॅप्सूल दिल्या आणि नऊ जणांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी कॅप्सूल. कुणाला काय मिळालं हे त्यांना माहीत नव्हतं. बिनऔषधी कॅप्सूल घेणाऱ्यांचे झटके वाढले, दुसऱ्या गटाचे वाढले नाहीत. पण सतरा माणसांवरून काय ठरणार? शिवाय पानं अचानक थांबवल्यामुळेही त्रास वाढला असू शकतो. १९८८ मध्ये नॉटिंगहॅमला बहात्तर लोकांवर मोठी चाचणी झाली. तिथे झटके साधारण चोवीस टक्क्यांनी कमी झाले.

इथे शास्त्रज्ञांना प्रश्न पडला की पानात असं काय आहे? एका पानात शेकडो रसायनं असतात. फीवरफ्यूमध्ये पार्थेनोलाइड नावाचा एक कडू पदार्थ भरपूर सापडतो, म्हणून संशय त्याच्यावर गेला. पण संशय खरा की खोटा, हे माणसाच्या मेंदूत डोकावून पाहता येत नाही. त्यासाठी उंदीर लागले.

उंदराला अर्धशिशी कशी आणायची? आणि आली तरी तो सांगणार कसा? यासाठी शास्त्रज्ञांनी नायट्रोग्लिसरीन वापरलं. तुमच्या घरात कुणी हृदयरुग्ण असेल तर छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी तुम्ही पाहिली असेल. ती याच जातीची. रक्तवाहिन्या सैल करणारी ही द्रव्यं डोकं दुखवतात, हे फार जुनं निरीक्षण आहे. डायनामाइटच्या कारखान्यात नायट्रोग्लिसरीन हाताळणाऱ्या कामगारांची डोकी दुखायची. गंमत म्हणजे कामाची सवय झाली की दुखणं थांबायचं आणि सुट्टीनंतर सोमवारी पुन्हा सुरू व्हायचं. अर्धशिशीच्या रुग्णांना नायट्रोग्लिसरीन दिलं तर आधी हलकी डोकेदुखी होते, आणि काही तासांनी अनेकांना खरा अर्धशिशीचा झटका येतो. निरोगी माणसाला सहसा तो येत नाही.

म्हणून पांढऱ्या उंदराला नायट्रोग्लिसरीन टोचतात. सुमारे चार तासांनी त्याच्या मेंदूच्या देठात, जिथे चेहरा आणि डोक्याच्या आवरणांकडून वेदना घेऊन येणारी नस पोचते, तिथल्या पेशी जाग्या झालेल्या दिसतात. जाग्या झालेल्या पेशीत फॉस नावाचं प्रथिन तयार होतं. मेंदूचे अतिशय पातळ काप करून त्यांना विशिष्ट रंग दिला की ही प्रथिनं गडद ठिपक्यांसारखी दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके मोजायचे. ठिपके जास्त म्हणजे वेदनेच्या वाटेवर हालचाल जास्त. एका गटाला आधी औषध द्यायचं, दुसऱ्याला नुसतं औषध विरघळवायचं द्रव द्यायचं, मग दोघांचे ठिपके तोलायचे. जिवंत उंदराची संवेदनाही तपासतात. वेगवेगळ्या जाडीचे नायलॉनचे बारीक तंतू त्याच्या पायाच्या तळव्याला किंवा तोंडाजवळ टेकवायचे आणि किती हलक्या स्पर्शाला तो अंग आक्रसतो ते पाहायचं. अर्धशिशीत आपल्यालाही केसांतून कंगवा फिरवणं नकोसं होतं, त्यातलाच हा प्रकार.

इटलीतल्या पाव्हिया शहरात क्रिस्टिना तासोरेल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने फीवरफ्यूचे वेगवेगळे अर्क आणि शुद्ध पार्थेनोलाइड तपासलं. निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पार्थेनोलाइड भरपूर असलेल्या अर्काने वेदनेच्या त्या केंद्रातले ठिपके स्पष्टपणे कमी केले. शुद्ध पार्थेनोलाइडने मेंदूतल्या आणखी काही जागांवरही परिणाम केला. म्हणजे झाडाचा अर्धशिशीवरचा गुण या पदार्थामुळे असावा, असं त्यांनी म्हटलं. पुढे २०१३ मध्ये फ्लॉरेन्सच्या एका गटाने दाखवलं की पार्थेनोलाइड वेदना जाणवणाऱ्या नसांवरच्या एका दारावर काम करतं. आधी ते दार थोडं ढकलतं आणि मग ते सुन्न करून टाकतं. दार सुन्न झालं की नसांमधून सीजीआरपी हे द्रव्य कमी सुटतं. अर्धशिशीत या सीजीआरपीचा मोठा हात असतो. आज बाजारात आलेली महागडी नवी इंजेक्शनं त्यालाच रोखतात.

हे संशोधन चांगलं आहे, खोटं नाही. पण त्यातून काय कळलं? पार्थेनोलाइडने उंदराच्या मेंदूतल्या वेदनेच्या वाटेवर परिणाम होतो, एवढंच. "ही पूड खा, अर्धशिशी जाईल" हे त्यातून कळलं नाही. व्हिडिओवाला पहिल्या वाक्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारतो.

एक हिशेब सांगते. माणसांवरच्या प्रयोगात नायट्रोग्लिसरीन वजनाच्या दर किलोमागे एकूण साधारण दहा मायक्रोग्रॅम देतात. उंदराला दर किलोमागे दहा मिलिग्रॅम, म्हणजे हजारपट. इतक्या डोसने उंदराच्या शरीरात जे होतं, ते आपल्या अर्धशिशीची हुबेहूब नक्कल म्हणता येत नाही, नमुना म्हणता येतो. औषधाचंही तसंच. उंदराला किलोमागे जेवढं दिलं तेवढं माणसाला देत नाहीत. शरीराचं आकारमान पाहून पहिल्या अंदाजाला साधारण सहावा भाग धरतात, आणि माणसांवरची चाचणी त्याहूनही कमी मात्रेने सुरू करतात. प्रयोगात औषध बहुतेक वेळा टोचून देतात. चूर्ण आपण गिळतो, ते पोटातून आणि यकृतातून जातं. रक्तात किती पोचलं, कुणी मोजलं?

आणि एक गोष्ट मला नर्स म्हणून आणि बाई म्हणूनही खटकते. आजार बायकांमध्ये तिप्पट, पण वर्षानुवर्षं असे प्रयोग मुख्यतः नर उंदरांवर झाले. मादीच्या संप्रेरकांच्या चढउतारामुळे आकडे हलतात, म्हणून ते टाळायचं, हे कारण दिलं जायचं. पण तो चढउतार हाच तर आपल्या दुखण्याचा भाग आहे! हल्ली मादी उंदीरही घ्यायला लागले आहेत, ही चांगली गोष्ट.

उंदरांनंतर माणसांवर काय झालं तेही पाहू. १९९६ मध्ये नेदरलँड्समध्ये फीवरफ्यूचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क पन्नास रुग्णांना देऊन पाहिला. त्यात पार्थेनोलाइड होतं, तरी फायदा दिसला नाही. पुढे वेगळ्या पद्धतीने काढलेला अर्क जर्मनीत तपासला गेला. २००५ च्या चाचणीत एकशे सत्तर रुग्ण होते. महिन्याला सरासरी पावणेपाच झटके येत होते. अर्क घेणाऱ्यांचे १.९ ने कमी झाले आणि बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांचे १.३ ने. नीट वाचा. गोळीत काहीच नव्हतं, तरी झटके १.३ ने उतरले. म्हणजे झाडाचा स्वतःचा वाटा महिन्याला अर्ध्या झटक्याहून थोडा जास्त. २०१५ मध्ये सहा चाचण्यांमधल्या ५६१ रुग्णांचा एकत्र आढावा घेतला गेला. पुरावा कमकुवत आहे, थोडा फायदा असू शकतो, असं त्यात ठरलं. शिवाय बाजारातल्या फीवरफ्यूच्या गोळ्या तपासल्या तेव्हा पार्थेनोलाइडचं प्रमाण कुठे भरपूर, तर कुठे जवळजवळ शून्य निघालं. पानं चावणाऱ्यांच्या तोंडात फोड येतात. गरोदरपणी हे घेऊ नये, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

"झाडपाल्याने नुकसान तर नाही ना होत," असं म्हणणाऱ्यांसाठी बटरबर या दुसऱ्या वनस्पतीची गोष्ट. तिच्या मुळांचा अर्क अर्धशिशीवर माणसांच्या चाचण्यांतही चांगला ठरला होता. अमेरिकेतल्या मेंदूविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये त्याची जोरदार शिफारस केली. त्याच वर्षी ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी तो वापरू नका असं बजावलं, कारण घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला गंभीर इजा झाली होती. २०१५ मध्ये अमेरिकी संघटनेनेही शिफारस मागे घेतली. गुण असलेल्या वनस्पतीचंही असं होऊ शकतं, मग न तपासलेल्या डबीबद्दल काय बोलायचं?

आता त्या नावाचं काम. मोबाइलवर "पार्थेनियम मायग्रेन" असं शोधलं तर आपल्याकडची एक वनस्पती हमखास समोर येईल. ती म्हणजे गाजरगवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो. त्याचं शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज रेल्वे रुळांकडेला, मोकळ्या प्लॉटवर, नाल्याच्या काठाला ते सगळीकडे आहे. दोन्ही झाडं एकाच मोठ्या कुळातली, पण औषधी फीवरफ्यू वेगळं आणि हे वेगळं. गाजरगवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. त्याने त्वचेला भयंकर खाज सुटते, चट्टे उठतात, चेहरा सुजतो. त्याच्या परागकणांनी दमा आणि नाकाची अॅलर्जी बळावते. सफाई आणि खुरपणीच्या कामावर जाणाऱ्या आपल्या कितीतरी भावा-बहिणींच्या हातांवर, मानेवर मी हे चट्टे पाहिले आहेत. नावातल्या सारखेपणावरून कुणीही गाजरगवताचा काढा, रस किंवा लेप करू नये. पोरांना हे आवर्जून सांगा, कारण शोधून देणारे तेच असतात.

बैठकीत एका आजीने वेगळाच प्रश्न विचारला होता. पहिलं शील घेणाऱ्या आपण लोकांनी उंदीर मारून शोधलेलं औषध घ्यावं का? प्रश्न योग्य आहे आणि तो शास्त्रज्ञांनाही सुटलेला नाही. १९५९ पासून त्यांनी तीन बंधनं मानली आहेत. प्राण्याऐवजी दुसरा मार्ग असेल तर तोच घ्यायचा, प्राणी कमीत कमी वापरायचे, आणि वेदना शक्य तितकी टाळायची. आपल्या देशात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे आणि प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या नीती समितीची मंजुरी लागते. माझं मत विचाराल तर, प्राण्यांवर न तपासलेलं औषध थेट माणसावर तपासायचं झालं, तर तो माणूस कुठल्या वस्तीतला असेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पण मेलेल्या उंदराच्या नावावर खोटं सांगून डबी विकणं हा त्या जिवाचाही अपमानच आहे.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट. उंदरांनंतरची पायरी माणसांची असते आणि मोठ्या हॉस्पिटलात कधी तुम्हालाही विचारलं जाऊ शकतं. २०१९ च्या नियमांप्रमाणे औषध चाचणीची माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, लेखी संमती घेतली पाहिजे, आणि नाही म्हटलं किंवा मध्येच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार थांबता कामा नयेत. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हा तुमचा हक्क आहे. संमतीच्या कागदाची प्रत मागून घ्या. सही करण्याआधी घरी आणून वाचून घ्यायचा अधिकार आहे, घाई करणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा.

मग आज दुखणाऱ्या डोक्याचं काय? झटक्याची चाहूल लागताच पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी साधी गोळी काहीतरी खाऊन लगेच घ्यावी आणि अंधाऱ्या, शांत जागी पडावं. दुखणं शिगेला पोचल्यावर घेतलेली गोळी फारशी चालत नाही. अल्सर, किडनीचा त्रास, दमा किंवा गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नये. आणि मोजणी ठेवा. साध्या गोळ्या महिन्यात पंधरा दिवस किंवा जास्त, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या दहा दिवस किंवा जास्त, असं तीन महिने चाललं की त्या गोळ्याच डोकेदुखी वाढवतात. रोज सकाळी चहाबरोबर गोळी घेणाऱ्या बायका मला प्रत्येक गल्लीत भेटतात.

झटके महिन्यात चारपेक्षा जास्त येत असतील तर ते टाळणारी औषधं असतात. प्रोप्रॅनोलॉल आणि अॅमिट्रिप्टिलीन ही जुनी, स्वस्त, माणसांवर नीट तपासलेली औषधं आहेत आणि सरकारी दवाखान्यात त्यांची चौकशी करता येते. ती डॉक्टरांनीच ठरवायची. दमा असणाऱ्यांना प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत सोडून देऊ नका.

झटक्याआधी चमकत्या रेषा दिसत असतील आणि माला-एन किंवा माला-डीसारखी पाळणा लांबवण्याची गोळी चालू असेल, तर आशाताईंना आणि डॉक्टरांना लगेच सांगा. या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या तर पक्षाघाताचा धोका वाढतो. दुसरं साधन निवडता येतं. मात्र ते हातात येईपर्यंत काय वापरायचं तेही त्याच भेटीत विचारा.

अचानक वीज पडल्यासारखं आयुष्यातलं सगळ्यात जोराचं डोकं दुखलं, तापासोबत मान ताठ झाली, बोबडी वळली, हात-पाय लुळा पडला, डोक्याला मार लागल्यानंतर दुखणं वाढत गेलं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी डोकेदुखी सुरू झाली किंवा गरोदरपणात डोकेदुखीसोबत डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती अर्धशिशी धरून घरी थांबायचं नाही. १०८ ला फोन करा किंवा रिक्षा करून थेट मोठ्या हॉस्पिटलात जा.

बाकीच्यांनी मुलांच्या जुन्या वहीची दोन पानं घ्या. तारीख, किती तास दुखलं, त्या दिवशी जेवण आणि झोप किती झाली, पाळीचा कितवा दिवस होता, कोणती गोळी घेतली. दोन महिने लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा. ओपीडीत डॉक्टरला तुमच्यासाठी दोन मिनिटं असतात, ती वही त्यांच्यासमोर उघडी ठेवा.